सव्वापाचची शिट्टी

जून संपत आला आणि पाऊस एखादा दिवस उघडला, की आमच्या गावच्या शाळेच्या मैदानावर मुलं फावडी घेऊन उतरतात. साचलेल्या पाण्याला वाट काढून देतात, खड्ड्यांत माती टाकतात, चुन्याची फक्की ओढून पाटी आखतात आणि दोन्ही टोकांचे खांब पक्के बसलेत का ते हलवून पाहतात. सव्वापाचला शिट्टी होते आणि खो-खोचा सराव सुरू होतो. माझी मुलगी आठवीत गेली त्या वर्षी पहिल्यांदा त्या शिट्टीला पळाली. तिला घरी आणायला म्हणून मी सहाच्या सुमारास जाऊन कुंपणालगतच्या दगडी कट्ट्यावर बसायचे. पुढची तीन वर्षं मी त्या कट्ट्यावर बसले. मी विज्ञान शिकवते, त्यामुळे मुलांच्या शरीरात काय घडतंय याकडे लक्ष जातंच. पण त्या तीन वर्षांत मला मैदानापेक्षा घरात जास्त बदल दिसले. मुलीची झोप बदलली, भूक बदलली, फोन हातात घ्यायची वेळ बदलली. हे कसं घडतं आणि कुठे बिघडू शकतं, ते पालकांना नीट कळावं म्हणून हे लिहिते आहे.

आधी 'संघटित खेळ' कशाला म्हणायचं ते ठरवून घेऊ. गल्लीत रबरी चेंडूने क्रिकेट खेळणं हाही खेळच आणि तो चांगलाच. पण तिथे एखादा आला नाही तर दुसरा कोणी खेळतो आणि आऊट झालं की घरी जाता येतं. संघाच्या सरावाला वेळ ठरलेली असते, शिकवणारं मोठं माणूस हजर असतं, हजेरी घेतली जाते आणि पुढे तालुक्याची स्पर्धा असते. खो-खोत नऊ जण लागतात. आठ पाटीवर बसतात, एक पाठलाग करतो. एक जण आला नाही तर एक चौक रिकामा राहतो, डाव रंगत नाही आणि दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्या मुलाला ते सगळ्यांकडून ऐकावं लागतं. तेराव्या-चौदाव्या वर्षी आईबापांचं सांगणं या कानातून त्या कानात जातं, सोबत्यांचं मात्र मनाला लागतं. या वयातला मेंदू बरोबरीच्या मुलांच्या मताला फार किंमत देतो. संघ त्याच ओढीचा उपयोग करून घेतो. माझ्या मुलीला सकाळी तीन हाका माराव्या लागत, पण सव्वापाचला तिला कधी हाक मारावी लागली नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने 5 ते 17 वयाच्या मुलांसाठी सांगितलेलं प्रमाण असं आहे: रोज सरासरी 60 मिनिटं दम लागेल इतकी हालचाल आणि आठवड्यातून निदान तीन दिवस स्नायू-हाडांवर जोर येईल असा व्यायाम. 146 देशांतली 2016 पर्यंतची आकडेवारी गोळा करून एक अभ्यास 2019 साली प्रसिद्ध झाला. त्यात 11 ते 17 वयाची 81 टक्के मुलं एवढंही करत नाहीत असं दिसलं. मुलींमध्ये हे प्रमाण 85 टक्के, मुलग्यांमध्ये 78. शाळेच्या वेळापत्रकात पीटीचे तास असतात हे खरं. पण 35 मिनिटांच्या तासातून मैदानावर येणं, रांगा लावणं आणि परत वर्गात जाणं वजा करा. उरलेल्या वेळात साठ मुलांना दोन चेंडू मिळतात. डिसेंबर उजाडला की तो तासही कुणीतरी राहिलेला भाग पुरा करायला मागून घेतो. मीही असे तास मागून घेतले आहेत आणि आज मला त्याचं वाईट वाटतं.

आता सरावाचा दीड तास जवळून पाहू. पहिली दहा-पंधरा मिनिटं मैदानाला फेऱ्या, मग गुडघे उचलत पळणं, टाचा मागे मारत पळणं, कंबर आणि खांदे मोकळे करणं. मग पाटीवर बसणं-उठणं. हे बाहेरून अगदी सोपं दिसतं. बसलेला खेळाडू आराम करतोय असं वाटतं, पण तो उकिडवा, पंजांवर भार देऊन, पाठीवर थाप पडण्याची वाट बघत असतो. 'खो' ऐकू आला की पहिल्याच पावलाला पूर्ण वेग हवा. या खेळाचे नियम पुण्यात डेक्कन जिमखान्यावर 1914 साली बांधले गेले, आणि ते करणाऱ्यांनी किती विचार केला होता हे शरीरशास्त्राच्या अंगाने पाहिलं की कळतं. आक्रमकाला पाटी ओलांडायची मुभा नाही, एकदा धरलेली दिशा बदलायची मुभा नाही, खांबाला वळसा घातल्यावरच दुसरी बाजू मिळते. त्याला चुकवत पळणाऱ्याला मात्र मधून कसंही शिरता येतं. त्यामुळे एकाच डावात सुसाट पळणं, गपकन थांबणं, वळणं, वाकणं, हुलकावणी देणं आणि सूर मारणं हे सगळं येतं, आणि दोन पळण्यांच्या मधे दम परत घ्यायला काही सेकंद मिळतात. हृदय, स्नायू आणि हाडं या तिन्हींना काम देणारा, पैसे न लागणारा याहून चांगला खेळ मला माहीत नाही. कबड्डी, फुटबॉल, बास्केटबॉल यांचंही काम थोड्याफार फरकाने असंच चालतं.

पहिला आठवडा वाईट जातो. तिसऱ्या दिवशी मुलीला जिना उतरता येत नव्हता, मांड्या भरून आल्या होत्या. सवय नसलेल्या स्नायूंच्या तंतूंना बारीक इजा होते, त्यांची डागडुजी सुरू होते आणि दुखणं एक ते तीन दिवसांनी सगळ्यात जास्त जाणवतं. आठवडाभरात ते जातं आणि पुढच्या वेळी तेवढ्याच कामाला तेवढं दुखत नाही. पुष्कळ पालक नेमक्या याच दिवशी मुलाला घरी बसवतात, "एवढं दुखतंय तर राहू दे" म्हणतात. मलाही मोह झाला होता. अशा वेळी हलकं चालणं-फिरणं चालू ठेवलं की दुखणं थोडं हलकं वाटतं. एकाच जागी टोचणारं, सुजलेलं, रात्री झोपू न देणारं दुखणं वेगळं. ते डॉक्टरांना दाखवायचं.

पुढच्या तीन-चार आठवड्यांत मूल एकदम चपळ वाटायला लागतं, पण पाय काही जाड झालेले नसतात. सुरुवातीची ताकद नसांमधून येते. मेंदू आहेत त्याच स्नायूंतले जास्त तंतू एकाच वेळी कामाला लावायला शिकतो. स्नायू भरायला त्यानंतरचे दोन-तीन महिने लागतात, आणि मुलग्यांमध्ये ते वयात आल्यावरच ठळक दिसतं. हृदयाचं काम मात्र मोजता येतं. मी मुलीला सकाळी अंथरुणातून उठण्याआधी मनगटावर दोन बोटं ठेवून एक मिनिट नाडी मोजायला शिकवलं आणि कॅलेंडरवर आकडा लिहायला लावला. जुलैत 86, 84, 85 असे आकडे होते. ऑक्टोबरात 74 आणि 72. सरावाने हृदयाची पोकळी थोडी मोठी होते, भिंत बळकट होते, एका ठोक्यात जास्त रक्त बाहेर पडतं, म्हणून तेवढ्याच कामाला कमी ठोके पुरतात. कॅलेंडरवरचा तो घसरता आकडा तिला कुठल्याही बक्षिसापेक्षा आवडला. नाडीने दुसरं एक कामही केलं. एके दिवशी आकडा अचानक 90 च्या वर गेला आणि त्या संध्याकाळी तिला ताप भरला.

हाडांविषयी थोडं सावकाश सांगते, कारण हा हिशोब पुढच्या साठ वर्षांचा आहे. हाड जिवंत असतं. त्याच्या आत पेशींचं जाळं असतं आणि हाडावर दाब आला, ते किंचित वाकलं, की या पेशींना कळतं. जिथे दाब वारंवार आणि झटक्याने येतो तिथे नवं हाड घातलं जातं. टेनिसपटूंच्या खेळत्या हाताचं हाड दुसऱ्या हातापेक्षा जाड आणि मजबूत असतं ते यामुळे. उडी मारून जमिनीवर येणं, एकदम थांबणं, दिशा बदलणं यांनी हाडाला जो निरोप जातो तो नुसत्या चालण्याने जात नाही. पोहणं आणि सायकल हृदयाला उत्तम, हाडांना मात्र त्यांचा उपयोग कमी. उंची सगळ्यात वेगाने वाढण्याचा काळ मुलींमध्ये साधारण बाराव्या वर्षी येतो, मुलग्यांमध्ये चौदाव्या. त्याच्या आगेमागेच्या दोन वर्षांत मोठेपणीच्या एकूण हाडाच्या जवळजवळ चौथा हिस्सा शरीरात जमा होतो. वयाच्या अठरा-एकोणिसाव्या वर्षापर्यंत तर बहुतेक साठा भरलेला असतो. चाळिशी-पन्नाशीनंतर, विशेषतः बायकांमध्ये पाळी थांबल्यावर, त्यातून फक्त खर्च होत राहतो. सहावी ते नववीतल्या मुलीला खेळायला पाठवणं म्हणजे तिच्या सत्तराव्या वर्षीच्या खुब्याच्या हाडाची तरतूद करणं. घराघरांतून मुलींना याच वर्षांत "आता मोठी झालीस" म्हणून मैदानावरून उठवलं जातं, म्हणून हे मुद्दाम सांगते.

वाढीच्या या काळाची एक अडचणही आहे. लांब हाडांच्या टोकांशी कूर्चेचा मऊ थर असतो, तिथून उंची वाढते. मांडीचा मोठा स्नायू गुडघ्याच्या वाटीखाली नडगीच्या हाडाला जिथे जोडलेला असतो ती जागा या वयात नाजूक असते. फार उड्या आणि पळापळ झाली की वाटीच्या खाली टेंगूळ येतं, दाबलं की दुखतं. मैदानावर हे दर वर्षी दोघा-तिघांना होतं. सराव थोडा कमी केला, बर्फ लावला, मांडीचे ताण दिले की बहुतेकांचं काही आठवड्यांत किंवा महिन्यांत थांबतं. यासाठी खेळ कायमचा सोडायची गरज नसते. जोर-बैठका किंवा हलकी वजनं उचलल्याने उंची खुंटते हा समज मात्र मनातून काढून टाका. जाणकाराच्या नजरेखाली, बेताने केलेल्या ताकदीच्या व्यायामाने वाढ थांबत नाही.

भुकेची गोष्ट ऑगस्टात सुरू झाली. मुलगी मैदानावरून घरी यायची आणि ओट्याजवळ उभी राहूनच दोन पोळ्या खायची. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2020 च्या शिफारशींप्रमाणे 13 ते 15 वयाच्या मुलीला दिवसाला साधारण 2400 किलोकॅलरी लागतात, मुलाला 2860 च्या आसपास. प्रथिनं दोघांनाही 43 ते 45 ग्रॅम. खेळणाऱ्याला याहून थोडं जास्त. आपल्या घरांत मुलाच्या ताटाकडे लक्ष असतं, मुलीला "जाडी होशील" असं ऐकवलं जातं. सगळ्यात मोठी चूक वेळेची होते. डबा साडेबाराला खाल्लेला असतो, शाळा पाचला सुटते आणि मूल रिकाम्या पोटी मैदानावर जातं किंवा फाटकाबाहेरच्या गाडीवरून वडापाव खाऊन जातं. तळलेलं पोटात जड बसतं. आम्ही पालकांनी मिळून एक साधी सोय केली. शाळा सुटल्यावर प्रत्येकाने एक केळं किंवा मूठभर शेंगदाणे आणि गूळ खायचा, पाणी प्यायचं, मग मैदानावर जायचं. सराव संपल्यावर तासाभराच्या आत जेवण: भाकरी किंवा पोळी, उसळ किंवा डाळ, चालत असेल तर अंडं, आणि दूध किंवा ताक. 100 ग्रॅम नाचणीत सुमारे 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, आणि या वयाला दिवसाकाठी साधारण 1000 मिलिग्रॅम लागतं. नाचणीची आंबील किंवा भाकरी हे आपल्याकडचं जुनं खाणं या कामाला चांगलं आहे. प्रोटीनच्या महागड्या डब्यांची शाळकरी मुलाला गरज नसते.

आमच्या संघात नववीतली एक मुलगी होती. पळती सुंदर, हुलकावणी अशी द्यायची की आक्रमक दोन पावलं चुकीच्या बाजूला जायचा. पण बचावाच्या तुकडीत पळताना दीड मिनिट झालं की तिचे ओठ पांढरे पडायचे आणि ती हाताने खूण करून बाजूला व्हायची. सराव घेणारे सर म्हणायचे, "मॅडम, पोरीत कला आहे, पण कष्टाला मागे पडते." मी तिची खालची पापणी ओढून पाहिली. आत लाली जवळपास नव्हतीच. तिच्या आईला घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात गेलो, तर हिमोग्लोबिन 8.6 निघालं. या वयाच्या मुलीचं ते 12 च्या वर हवं. फुफ्फुसातून प्राणवायू उचलून स्नायूंपर्यंत नेणारं हेच द्रव्य. ते पाव हिश्शाहूनही जास्त कमी असेल तर मनात कितीही जिद्द असली तरी पाय चालणार नाहीत. पाळीतून दर महिन्याला रक्त जातं, वाढत्या शरीराला लोह जास्त लागतं आणि ताटात ते कमी पडतं, म्हणून ही अवस्था आपल्याकडे घरोघर आहे. 2019 ते 21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या 15 ते 19 वयाच्या 59 टक्के मुलींना रक्तक्षय आढळला. मुलग्यांमध्येही 31 टक्के. शाळेत आठवड्यातून एकदा मिळणारी लोहाची निळी गोळी आणि वर्षातून दोनदा मिळणारी जंताची गोळी यासाठीच असते. पुष्कळ मुली मळमळतं म्हणून ती निळी गोळी दप्तरात टाकतात. जेवणानंतर घेतली की मळमळ कमी होते. जेवणाबरोबर लिंबू घेतलं तर लोह जास्त शोषलं जातं, आणि चहा प्यायला तर कमी, म्हणून जेवण आणि चहा यांत तासाभराचं तरी अंतर हवं. त्या मुलीला डॉक्टरांनी रोजच्या गोळ्या दिल्या. फेब्रुवारीत ती 11.4 वर होती आणि जिल्ह्याच्या संघात निवडली गेली. तेव्हापासून आमचे सर सरावाच्या पहिल्या महिन्यातच सगळ्यांचं हिमोग्लोबिन तपासून घेतात. प्रत्येक शाळेने हे करावं. खर्च काही नाही.

पाळीत खेळायचं की नाही, हा प्रश्न मुली आपल्याला विचारत नाहीत, म्हणून आपणच बोलायला हवं. खेळून काही बिघडत नाही, उलट काहींना हालचालीने पोटातली कळ कमी वाटते. ज्या दिवशी फार त्रास होतो त्या दिवशी बसावं, त्यासाठी कारण सांगावं लागू नये. मुली मैदान सोडतात त्याचं कारण बहुतेकदा पाळी नसतं, पॅड बदलायला दार लागणारं स्वच्छतागृह नसणं हे असतं. आमच्या मैदानालगतच्या स्वच्छतागृहाला कडी नव्हती. कडी आणि पाण्याची बादली एवढ्यावर त्या वर्षी चार मुली परत आल्या. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. नियमित येणारी पाळी सलग तीन महिने आली नाही तर खेळणाऱ्या मुलींमध्ये ते नेहमीचंच असं म्हणून सोडू नका. खाणं कमी आणि खर्च जास्त झाला की शरीर आधी पाळी बंद करतं, मग हाडं पोखरायला लागतं. डॉक्टरांकडे जायलाच हवं.

झोपेबद्दल मी मुलीशी दोन वर्षं भांडले आणि त्यातला बराचसा दोष तिच्या शरीराच्या घड्याळाचा होता हे मला उशिरा समजलं. वयात येताना झोप आणणारं मेलाटोनिन रात्री तास-दोन तास उशिरा पाझरायला लागतं. साडेनऊला मूल खरोखरच टक्क जागं असतं. त्यात फोनचा उजेड आणि त्यावरच्या गप्पा यांनी अकरा-बारा वाजतात, आणि सकाळी सहाला उठायचं असतं. 13 ते 18 वयाला 8 ते 10 तास झोप लागते, मिळते सहा तास. संध्याकाळचा सराव इथे दोन बाजूंनी मदत करतो. दिवसभराच्या श्रमाने झोपेची गरज साठत जाते, आणि तापलेलं शरीर पुढच्या दोन-तीन तासांत निवत जातं तशी डोळ्यांवर झापड येते. सव्वापाच ते पावणेसात मैदान, सातला अंघोळ, साडेसातला जेवण, मग दोन तास अभ्यास, दहाला दिवा बंद. हे वेळापत्रक आम्ही भिंतीवर लावलं नव्हतं. मैदानाची वेळ पक्की झाली आणि बाकीच्या वेळा तिच्या मागोमाग आपोआप जागेवर बसल्या. फोन हातात यायचा तो जेवणानंतर अर्धा तास, कारण आधी वेळच नसायची. वर्षभर फोनवरून ओरडून जे झालं नाही ते असं झालं.

पण सरावाची वेळ चुकीची असेल तर हाच खेळ झोप खातो. पहाटे साडेपाचला मैदान, रात्री साडेनऊपर्यंत शिकवणी, असा दिनक्रम असलेली मुलं मी पाहिली आहेत. अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या शाळकरी खेळाडूंचा एक अभ्यास 2014 साली प्रसिद्ध झाला. त्यात आठ तासांपेक्षा कमी झोपणाऱ्या मुलांना दुखापत होण्याची शक्यता 1.7 पट दिसली. दमलेला पाय उडीनंतर नीट पडत नाही, गुडघा आत वळतो आणि अस्थिबंध तुटतो. मुलींमध्ये हा धोका मुलग्यांपेक्षा जास्त. म्हणून सरावाच्या सुरुवातीला पळणं, एका पायावर तोल सांभाळणं, गुडघा आत न वळू देता उडीतून खाली येणं असा वीस मिनिटांचा ठरलेला व्यायाम करून घ्यावा. फुटबॉलमध्ये असा नेमका कार्यक्रम आहे आणि त्याने दुखापती साधारण तिसऱ्या हिश्शाने कमी झाल्याचं दिसलं आहे. किती खेळावं याला जाणकारांनी सोपा आडाखा दिला आहे: आठवड्यातले सरावाचे तास मुलाच्या वयाच्या आकड्यापेक्षा जास्त नकोत, आणि आठवड्यातला एक दिवस तरी पूर्ण सुट्टी.

व्यसनांवर खेळाचा परिणाम होतो का, हे पालक नेहमी विचारतात. याचं मोठं उदाहरण आइसलँडचं आहे. 1998 साली तिथल्या 15-16 वर्षांच्या मुलांपैकी 42 टक्के मुलांनी गेल्या महिनाभरात दारूने झिंगल्याचं सांगितलं होतं आणि 23 टक्के रोज सिगारेट ओढत होती. 2016 साली हे आकडे अनुक्रमे 5 आणि 3 टक्क्यांवर आले. त्या देशाने खेळाच्या क्लबांना पैसे दिले, राजधानी रेक्याविकमध्ये प्रत्येक मुलाच्या नावाने वर्षाची ठरावीक रक्कम खेळ-छंदांसाठी ठेवली, 13 ते 16 वयाच्या मुलांनी हिवाळ्यात रात्री दहानंतर बाहेर राहू नये असा नियम केला आणि आईबापांना मुलांबरोबर जास्त वेळ घालवायला सांगितलं. मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली आठवड्यातून तीन-चार वेळा होणारा खेळ तिथल्या संशोधकांना उपयोगी दिसला, नुसतं बाहेर हिंडणं नाही. उलट अमेरिका-कॅनडातल्या अनेक अभ्यासांत खेळणारी मुलं सिगारेट कमी ओढतात पण दारू थोडी जास्त पितात असं आढळलं, कारण तिथे जिंकल्यावर एकत्र पिण्याची रीत आहे. म्हणजे संघात जी रीत असेल ती मुलं उचलतात. आपल्याकडे 2019 च्या पाहणीत 13 ते 15 वयाचे 8.5 टक्के विद्यार्थी तंबाखूचं काही ना काही सेवन करत होते. महाराष्ट्रात 2012 पासून गुटख्याला बंदी आहे, तरी पुड्या मिळतात. आमच्या सरांनी स्वतःची तंबाखू संघासाठी सोडली आणि ते मुलांना सांगितलं. त्या एका गोष्टीने जे काम केलं ते माझ्या वर्गातल्या 'तंबाखूचे दुष्परिणाम' या धड्याने कधी केलं नव्हतं. जिथे शिकवणारा शिव्या देतो, हात उगारतो, वजनावरून मुलींना टोमणे मारतो, तिथे मूल ठेवू नका, संघ कितीही जिंकत असला तरी.

आता गळतीकडे येते. जुलैत आमच्या मैदानावर चाळीस मुलं-मुली असतात. पहिली गळती संघ निवडला जातो तेव्हा होते. तालुक्याला पंधरा जणांची नावं जातात आणि उरलेले पंचवीस "आपलं काय काम" म्हणून येणं थांबवतात. निवडीचं मोल मीही जाणते. 2025 च्या जानेवारीत दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. पुरुष आणि महिला दोन्ही संघांनी नेपाळला हरवून तो जिंकला, आणि दोन्ही संघांचे कर्णधार, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, महाराष्ट्राचे होते. आमच्या मैदानावर त्या दिवशी साखर वाटली. पण वर सांगितलेल्या हाडाला, हृदयाला, झोपेला मूल निवडलं गेलं की नाही हे ठाऊक नसतं. राखीव बसणाऱ्या मुलाचं हृदयही तितकंच बळकट होतं, फक्त त्याला रोज पळायला मिळालं पाहिजे. सरांना आम्ही विनंती केली आणि त्यांनी शनिवारी चिठ्ठ्या टाकून मिसळ संघांचे सामने सुरू केले. त्या वर्षी पंचविसांतली सतरा मुलं मार्चपर्यंत आली.

दुसरी आणि मोठी गळती दहावीला होते. मेमध्येच घरात ठरतं, "यंदा खेळ बंद". राज्य-राष्ट्रीय पातळीवर खेळलेल्यांना परीक्षेत क्रीडागुण मिळतात म्हणून ते टिकतात, बाकीचे सगळे जातात. माझ्या मुलीच्या वर्षी मैदानावरची अकरा मुलं दहावीत गेली आणि जूनमध्ये तीन आली. मी स्वतः तिला थांबवणार होते. मग सरांशी बोलून सोमवार, बुधवार, शुक्रवार एवढेच दिवस ठेवले, स्पर्धा कमी केल्या. त्या तीन दिवशी ती दहाला झोपायची, उरलेल्या दिवशी साडेअकरा व्हायचे, हे मी वहीत लिहून ठेवलं होतं. व्यायामानंतरच्या वेळेत लक्ष जास्त टिकतं हे प्रयोगांत दिसलेलं आहे, आणि आमच्या घरी गणिताचा अभ्यास खेळाच्या दिवशीच बरा व्हायचा. खेळ बंद केल्यावर वाचलेला दीड तास पुस्तकापुढे जातो असं आपण धरून चालतो. तो बहुतेकदा फोनपुढे जातो. एकदा दहावीत सुटलेलं मूल अकरावीत मैदानावर परतत नाही, कारण तोवर कॉलेज बदलतं, सोबती पांगतात आणि सव्वापाचला शिट्टी मारणारं कुणी नसतं.

तुमच्या घरी यंदा दहावी असेल तर शिकवणीची वेळ ठरवण्याआधी मैदानावरच्या सरांना एकदा भेटा आणि आठवड्यातल्या तीन संध्याकाळी मुलाकडे राहू द्या.